मखमली पानांचं वाण

काही झाडं मायेनं मरतात, हे मनोरमाबाईंना भाईंदरला आल्यावर कळलं. तोवर त्यांचा हिशेब साधा होता. पाणी घाला, खत घाला, येता-जाता दोन शब्द बोला, झाड वाढतंय. करी रोडच्या खोलीबाहेर त्यांनी डालड्याच्या डब्यांत गवती चहापासून सदाफुलीपर्यंत सगळं वाढवलं होतं. मग यजमान दशरथराव गेले, खोली गेली, आणि मुलानं, कौस्तुभनं, इंद्रलोक भागात पाचव्या मजल्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये बाई राहायला आल्या. घर छान होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. पण दिवसभर करायचं काय? पोरगा सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा, आणि मधल्या वेळात घर नुसतं खायला उठायचं.

एका रविवारी कौस्तुभ त्यांना तुळस घ्यायला चेण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीत घेऊन गेला. तिथे एका फळीखाली एक पान पडलं होतं. जाडजूड, राखी-हिरवं, अंगभर पांढरी लव आणि टोकाला तपकिरी ठिपके. मनोरमाबाईंनी उचलून गालाला लावलं, तर सशाचा कान लागावा तसं मऊ. नर्सरीवाला हसला. "ले जाओ माताजी, गिरा हुआ है." तुळस राहिली बाजूला, बाई ते पान रुमालात गुंडाळून घरी घेऊन आल्या.

आणि आपण सगळे करतो तेच त्यांनी केलं. छान काळी माती घेतली, पान खोचलं, वरून भांडंभर पाणी घातलं. दोन-तीन दिवसांत पानाचा चिखल झाला. पुढच्या वेळी त्या पुन्हा गेल्या, पुन्हा पान मागून आणलं, पुन्हा तेच. मग मात्र बाई पेटल्या. एवढंसं पान मला दाद देत नाही म्हणजे काय?

हळूहळू कळत गेलं. या झाडाचं सगळं जगापेक्षा उलटं. पान तोडायचं ते ओढून नाही, हलकेच पिरगाळून, देठाच्या टोकासकट. तोडलं की लगेच लावायचं नाही. कपाटावर वर्तमानपत्र पसरून सावलीत नुसतं ठेवून द्यायचं. गुडघा फुटल्यावर खपली धरते तशी तुटल्या जागी खपली धरली, की मग मातीवर आडवं ठेवायचं, खोचायचं नाही. आणि माती म्हणजे तरी काय, निम्मी वाळू, थोडा विटेचा चुरा, थोडा कोळशाचा. वाळूला तोटा नव्हता, इंद्रलोकमध्ये तेव्हा जिकडे बघावं तिकडे नवी बिल्डिंग उठत होती. पाणी घालायचं नाही. पुढे देठाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं सुटतात, मोहरीएवढं नवं पान डोकावतं, तेव्हा कुठे चमचाभर पाणी, तेही कडेकडेनं. पानांवर थेंब पडता कामा नये. ती लव पाणी धरून ठेवते, वाळू देत नाही, आणि आतून सगळं सडतं. भाईंदरला एका बाजूला खाडी, हवा कायम ओलसर, त्यामुळे तर जास्तच जपायचं. पावसाळ्यात सगळ्या कुंड्या आत, बाईंच्या पलंगाशेजारी.

एका पानाची दहा झाडं झाली, दहाची किती झाली ते मोजायचं बाईंनी सोडून दिलं. खिडकीच्या ग्रिलमध्ये जागा पुरेना. त्या त्यांना 'सशाचे कान' म्हणायच्या. बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, कारण बाईंकडे कुणी येतच नव्हतं. म्हणजे दार वाजायचं. संक्रांतीच्या दिवसांत बायका हळदीकुंकवाचं बोलावणं करायला यायच्या, दार उघडलं की मनोरमाबाईंच्या कपाळाकडे बघायच्या, आणि म्हणायच्या, "घरात अजून कुणी नाही का?" नाही म्हटलं की "बरं बरं, असू दे काकू" करून पुढच्या दाराकडे. पहिल्या वर्षी बाईंना रडू आलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दारच उघडलं नाही. अहो, नवरा गेला म्हणून माणसाची बसण्या-उठण्याची हौस जाते की काय? मनोरमाबाईंना चार बायकांत बसून गप्पा मारायच्या होत्या, इतकंच. पण ते इतकंच कुणी देत नव्हतं.

मग कौस्तुभचं लग्न झालं आणि नीलम आली. सून वाईट नव्हती हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणाला वाटेल सासू-सुनेची नेहमीची गोष्ट आहे. पोरगी नोकरी करणारी, बोलायला गोड, सासूला 'आई' म्हणायची ते मनापासून. एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी ती बाईंच्या पलंगावर येऊन बसली, एक कुंडी मांडीवर घेऊन पानावरून बोट फिरवत म्हणाली, "आई, माझं पहिलं हळदीकुंकू आहे ना यंदा. सगळ्याजणी तेच प्लॅस्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या लुटतात. आपण ही झाडं लुटूया का? सगळी सोसायटी बघत राहील."

"अगं, पन्नास-साठ बायका येतील तुझ्या. एवढी झाडं?"

"तुम्ही कराल, मला माहितीये. आणि वाण तुम्हीच द्यायचं हं, तुमच्या हातानं. तुम्हीच सांगायचं सगळ्यांना, कसं सांभाळायचं ते."

मनोरमाबाई म्हणाल्या, "बाई गं, मी कशी? माझ्या हातचं वाण..."

"मी असलं काही मानत नाही," नीलम म्हणाली.

या एका वाक्यावर बाई पुढचे सहा-सात महिने जगल्या. खोटं नाही सांगत. सकाळी उठल्या की आधी कपाटावरचं वर्तमानपत्र बघायच्या. पहिली पानं भर पावसात कुजली, सगळीच्या सगळी. बाईंनी ती कौस्तुभकडे खाली फेकायला दिली, चार शिव्या आभाळाला दिल्या आणि गणपती गेल्यावर पुन्हा सुरुवात केली. आई-झाडं बोडकी झाली, पण पानं लागली. भाईंदरच्या एका कुंभाराकडून मुठीत मावतील एवढ्या कुंड्या आणल्या. दिवाळीत फराळ राहिला अर्धा आणि बाई कुंड्यांत वाळू भरत बसलेल्या. कौस्तुभ हसायचा, "आई, वेड लागलंय तुला." लागलं होतंच. रात्री अंथरुणावर पडल्या की मनातल्या मनात बोलणं घोकायच्या. 'हे बघा, याला पाणी म्हणजे विष. महिन्यातून दोनदा चमचाभर, तेही पानाला न लागता. उन्हाशेजारी ठेवा, उन्हात नको.' बिल्डिंगमधल्या गुजराती हंसाबेनसाठी हिंदीतून घोकायच्या. हॉलमध्ये कुठे बसायचं तेही ठरवलं होतं, टीव्हीच्या बाजूची खुर्ची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या दिसतील.

पौषात नीलमला दिवस गेल्याचं कळलं. तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. मनोरमाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि कुंड्यांना पुन्हा एकदा गेरू लावला.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी नीलमची आई, ममताबाई, ठाण्याहून आल्या. हलव्याचे दागिने, लेकीसाठी काळी साडी, तिळगुळाचे डबे. उत्साहाची बाई. आल्या तशी घराचा ताबाच घेतला. कुंड्या बघून म्हणाल्या, "अगंबाई, सुरेख! विहीणबाई, हात आहे हो तुमचा." मनोरमाबाईंना बरं वाटलं. मूर्ख बाई, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनोरमाबाईंनी ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली, केस विंचरले आणि टीव्हीच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या. समोर टीपॉयवर आणि खाली चादरीवर सगळ्या कुंड्या मांडलेल्या. कौस्तुभला बायकांच्या गर्दीत नको म्हणून मित्राकडे पिटाळलेलं. ममताबाई करंडा घेऊन आल्या, त्यांना बघून थबकल्या आणि शेजारी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, किती राबलात हो तुम्ही! आता जरा आत पडा. पंखा लावून देते. बायकांचा नुसता कलकलाट होईल."

"छे, दमले कुठे? बसते ना. वाण मी द्यायचंय, नीलमचं माझं बोलणं झालंय."

ममताबाई हसल्या. "बोलणं झालं असेल हो. पण पोरीचं पहिलंच हळदीकुंकू. त्यात आता ती..." त्यांनी डोळ्यांनीच लेकीच्या पोटाकडे खूण केली. "उगाच कुणाच्या मनात काही यायला नको. माझ्या मनात काही नाही बरं का. लोक बोलतात."

लोक बोलतात! हे लोक नेमके असतात कुठे, कुणी पाहिलेत? ज्याला स्वतःला बोलायचं असतं तो लोकांच्या नावावर खपवतो. मनोरमाबाईंनी नीलमकडे बघितलं. नीलम आरशापुढे हलव्याचा हार नीट करत होती. तिनं ऐकलं होतं. हार नीटच होता, तरी ती तो नीट करत राहिली. मग म्हणाली, "आई, थोडा वेळच. नंतर या ना बाहेर."

बाई उठल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दारात पहिली बेल वाजली होती, पोरगी नटून उभी होती, आणि तिच्या पोटात आपलंच नातवंड होतं. त्या आत जाऊन पलंगावर बसल्या. ममताबाईंनी खरोखरच पंखा लावून दिला. दार मात्र पूर्ण लागलं नाही, बोटभर फट राहिली.

त्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. बांगड्या, हसणं, अत्तरदाणीवरून चाललेली चेष्टा. नीलमनं नाव घेतलं, सगळ्या खिदळल्या. मग वाणाची पाळी आली तशी 'अय्या', 'किती गोड', 'हात लावून बघ गं' असा गलका झाला. तिसऱ्या मजल्यावरची सुगंधा तर ओरडलीच, "नीलम, ही कुठून गं आणलीस?"

"घरीच केलीत," नीलम म्हणाली. कुणी केलीत ते म्हणाली नाही.

तेवढ्यात ममताबाईंचा आवाज. "थांबा थांबा, अशी कोरडी माती नका नेऊ. सवाष्णीच्या हातात कोरडं देऊ नये." आणि फटीतून मनोरमाबाईंना दिसलं, की विहीणबाई पूजेच्या तांब्यात फूल बुचकळून प्रत्येक झाडावर पाणी शिंपडतायत. शिंपडून झालं की वर पानाला हळद आणि कुंकू. त्या मखमली पानावर ओलं कुंकू बसत होतं ते लवेत रुतूनच. मनोरमाबाई पलंगाच्या कडेला आल्या.

"पानी कितना डालने का?" हंसाबेननं विचारलं.

"तुलसी जैसा!" ममताबाई म्हणाल्या. "रोज सुबह नहाके, एक लोटा. सुहाग की निशानी है. जितना पानी डालोगे उतना सौभाग्य बढ़ेगा."

मनोरमाबाईंनी वाट बघितली. नीलमला माहीत होतं ना! वीसदा सांगितलं होतं तिला. आता बोलेल, आता बोलेल. पण नीलमचा कुणीतरी फोटो काढत होतं आणि ती हसत उभी होती.

तेव्हा बाईंना राहवलं नाही. मानपान, कपाळ, शुभ-अशुभ, सगळं एका बाजूला, आणि इतके महिने पोटच्या पोरासारखी वाढवलेली ती झाडं एका बाजूला. त्यांनी दार उघडलं आणि हॉलच्या तोंडाशी उभ्या राहून जे तोंडात आलं ते बोलल्या, "अहो, नका हो रोज पाणी घालू! मरतील ती. रोज घातलंत तर सगळीच्या सगळी मरतील."

सुगंधाचा हात करंड्यावर तसाच राहिला. एका बाईनं कुंडी पदराखाली घेतली. मनोरमाबाईंना पुढचं सांगायचं होतं, महिन्यातून दोनदा, चमचाभर, कडेनं, सगळं घोकलेलं. हिंदीतलंसुद्धा. पण ममताबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "शुभ बोला हो विहीणबाई, शुभ बोला! वाण आहे ते!"

बाई माघारी फिरल्या. पाठीमागे कुणीतरी 'शिव शिव' म्हटलेलं त्यांनी ऐकलं.

बायका गेल्यावर नीलम आत आली. डोळे भरलेले. "आई, सगळ्यांसमोर कशाला बोललात? मी सांगणार होते ना एकेकीला."

"मग सांग आता."

"सांगेन," नीलम म्हणाली. तिनं सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होती? तिच्या मम्मीचं चुकलं असं बिल्डिंगभर कोण सांगत फिरेल?

मनोरमाबाई मात्र फिरल्या. दुसऱ्याच दिवशी गुडघे धरत एकेक मजला उतरल्या, एकेक बेल वाजवली. "ते काल दिलेलं झाड आहे ना, त्याला..." बायका दार अर्धं उघडून उभ्या. हो हो काकू, घालत नाही पाणी, काळजी नका करू. दार बंद. काय गंमत बघा, त्या वर्षी पाण्याची बोंब होती. टँकर येईल तेव्हा अंघोळी, भांडी बेसिनमध्ये तशीच. पण सशाच्या कानांवर रोज सकाळी न चुकता तांब्या पालथा होत होता. सौभाग्याला पाणी कमी पडून कसं चालेल? हंसाबेननं तेवढं ऐकून घेतलं, पण तिची सासू देवघरातून उठून सरळ कुंडीकडे जायची, तिला कोण अडवणार?

शिमग्याच्या आसपास झाडं गेली. आधी खालची पानं पाणचट पिवळी झाली, मग देठ काळे पडले, मग हात लावला की पान गळून हातात. एका घरातलं गेलं असतं तर विशेष नव्हतं, पण सगळ्या बिल्डिंगमध्ये एकदम गेली. जाणारच होती. एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं बुडवायला घेतलेली होती सगळी. पण हे कुणाच्या डोक्यात यावं, तर नाही. त्यांच्या डोक्यात आलं ते भलतंच.

आणि नेमका त्याच आठवड्यात सुगंधाचा नवरा गुणवंत गोल्डन नेस्टच्या सर्कलला स्कूटरवरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. रस्ता खणून ठेवलेला, त्यावर खडी पसरलेली, तिथे रोज कुणी ना कुणी पडायचं. पण सुगंधाला खडी दिसली नाही, तिला कुंडी दिसली.

ती कुंडी घेऊन वर आली. दार मनोरमाबाईंनीच उघडलं.

"काकू, रागावू नका. पण हे मला घरात ठेववत नाही."

मनोरमाबाईंनी कुंडी हातात घेतली. माती अजून निथळत होती. पानावरचं कुंकू काळं पडलं होतं, आणि त्या कुंकवाखालूनच पान सडत गेलं होतं. "अगं सुगंधा, हे बघ, बोट घालून बघ, किती ओलं आहे! मी सांगितलं होतं ना तुला..."

"तेच ना काकू," सुगंधा म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत. सगळी मरतील म्हणालात." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भीती होती. बोलता बोलता ती एक पाऊल मागे सरकली, आणि मनोरमाबाईंना ते दिसलं.

दिलेलं वाण कुणी परत करतं का? सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. पण सुगंधानं वाट दाखवली आणि बाकीच्या निघाल्या. समोर येऊन द्यायची हिंमत नव्हती. सकाळी दार उघडावं तर पायपुसण्याशेजारी दोन कुंड्या. दूधवाला येऊन गेला की आणखी एक. कुणी आपल्यावर नाव यायला नको म्हणून लिफ्टजवळ ठेवून गेलं. मनोरमाबाई एकेक उचलून आत आणत होत्या, सडका लगदा काढून टाकत होत्या, कुंडी धुऊन उन्हात पालथी घालत होत्या. काळी जीभ आहे म्हातारीची, हे आता जिन्यात हळू आवाजात नव्हे, चांगलं मोठ्यानं बोललं जात होतं. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की आतल्या बायकांना अचानक काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

बाईंना राग आला तो त्या बायकांचा नाही. त्यांना काय कळतंय? राग आला तो या गोष्टीचा, की त्या घरात एक माणूस असं होतं ज्याला सगळं खरं माहीत होतं. ते माणूस रोज त्यांच्याच समोर बसून जेवत होतं आणि मान खाली घालून भात कालवत होतं.

एकदा त्यांनी सरळ विचारलंच. "नीलम, तुला तरी माहीत आहे ना, झाडं कशानं गेली?"

"माहितीये आई," नीलम म्हणाली. मग घास तसाच ठेवून म्हणाली, "पण मला भीती वाटतेय."

म्हणे मी असलं काही मानत नाही! माणूस काहीच मानत नाही, स्वतःच्या अंगाशी येईपर्यंत.

आणि अंगाशी आलंच. चैत्राच्या सुरुवातीला नीलमला थोडं रक्त गेलं. घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ व्यवस्थित आहे, फक्त काही दिवस पडून राहायचं. पण त्या रात्री ममताबाई ठाण्याहून रिक्षा करून आल्या आणि पुन्हा घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. सकाळी मनोरमाबाईंनी रव्याची खीर केली, ती सुनेच्या खोलीत घेऊन निघाल्या तर ममताबाई दारातच. "द्या, मी देते." खीर आत गेली की नाही देव जाणे. संध्याकाळी पातेलं घासायला पडलेलं होतं, पण त्यात खीर होती तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर कौस्तुभ त्यांच्या खोलीत आला. कपडेसुद्धा बदलले नव्हते. पलंगाच्या कडेला बसला, उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. लहानपणी काही फोडलं की असाच करायचा.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"हळदीकुंकवाच्या दिवशी तू नेमकं काय बोललीस गं?"

"तुला कुणी सांगितलं नाही अजून?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"रोज पाणी घातलंत तर मरतील, असं म्हणाले. झाडांना म्हणाले. तू रोज बघत होतास ना रे, याच खोलीत? कपाटावर पानं सुकत होती, तू हसायचास. पाणी घातलं की कुजतात, पहिल्या पावसात सगळी कुजली होती. तूच पिशवी खाली टाकून आलास."

"हो गं, ते कळतंय मला," कौस्तुभ म्हणाला. "मी काय अडाणी आहे का? पण तेव्हा तू चिडली होतीस ना? तुला आत बसवलं म्हणून? म्हणजे... मनात काही... रागात माणूस बोलून जातं..."

कळायला नको होतं ते बाईंना कळलं. बायका म्हणत होत्या तोवर बाईंना हसू तरी येत होतं, कधी संताप येत होता. आता दोन्ही येईना. याला आपण नऊ महिने पोटात वाढवला, याच्या तापात रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसलो, आणि हा आपल्याच तोंडाकडे असा बघतोय, जसं काही त्यातून साप निघेल. एवढं शिकवलं त्याला. कशाला शिकवलं?

त्या म्हणाल्या, "चिडले होते. खोटं कशाला बोलू? पण रागानं झाड मरत असतं तर या गावात पान दिसलं नसतं."

कौस्तुभ पलंगावरची चादर सारखी करू लागला.

"बरं, माझ्या तोंडातलं एवढं खरं होत असेल," मनोरमाबाई म्हणाल्या, "तर मग चांगलंच बोलते की. ऊठ, चल. नीलमजवळ जाऊन बसते, तिच्या डोक्यावरून हात फिरवते आणि तोंडभरून म्हणते, तुझं बाळ..."

"नको!" कौस्तुभ एकदम उठून उभा राहिला. त्यानं हातसुद्धा पुढे केला होता, आईचं तोंड धरायला जावं तसा. "नको आई. तू बाळाबद्दल काही बोलू नको. चांगलंसुद्धा नको. प्लीज. काहीच बोलू नको."

त्याचा हात तसाच हवेत राहिला होता. मग त्यानं तो खाली घेतला. त्याला लाज वाटली असावी, कारण त्याचे कान लाल झाले. पण शब्द त्यानं मागे घेतला नाही. घेईल म्हणून मनोरमाबाईंनी थोडी वाट बघितली.

"बरं," त्या म्हणाल्या.

कौस्तुभ गेला. थोड्या वेळानं ममताबाईंनी उघड्या दाराबाहेर उभं राहूनच विचारलं, विहीणबाई, ताट वाढू का. मनोरमाबाईंनी मानेनंच नाही म्हटलं.